कावीचा लाल नेमका कोणता?

मोरजीच्या मोरजाई देवळातली कावी चित्रं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. अशा चित्रांचे फोटो हल्ली पुष्कळ दिसतात, ही चांगलीच गोष्ट. पण एकाच भिंतीचे तिघांनी काढलेले फोटो शेजारी ठेवून बघा. एकात काव विटकरी, दुसऱ्यात जांभळट, तिसऱ्यात चक्क नारिंगी! जीर्णोद्धारात भिंतीवर ऑइलपेंट फासला गेला की मागे फोटोच उरतो. उद्या कोणी ते चित्र पुन्हा करायला बसला तर काव कशावरून कालवणार?

बाहेरच्या भिंतीचा फोटो घेताना बहुतेक वेळा घोळ घालतो तो ऑटो व्हाइट बॅलन्स. चौकटीत लाल जास्त दिसला की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच तांबूस आहे, आणि तो निळा वाढवतो. त्यात भिंत वळचणीच्या सावलीत. वरून आभाळाचा निळसर उजेड, 7000 केल्विन किंवा त्याहूनही वर. खालून चिऱ्यांच्या आंगणावरून उसळलेला तांबडा. ‘डेलाइट’ 5200-5500 वर बसवलेला, तो इथे कामाचा नाही. ‘शेड’ त्यातल्या त्यात बरा, पण खालचं आंगण त्याला कुठे ठाऊक?

मला जास्त राग येतो तो दुसऱ्या चुकीचा. संगणकावर ड्रॉपर घ्यायचा आणि चुन्यावर टिचकी मारायची. भिंत पांढरी ना, मग झालं! अहो, तो चुना पावसाने, धुळीने पिवळटलेला. त्याला शुभ्र केलात की कावेतलाही पिवळेपणा जातो आणि ती गुलाबीकडे सरकते.

ग्रे कार्ड फार महाग नसतं. ते भिंतीला टेकवून, तिच्याच उजेडात एक फोटो घ्या, मग कार्ड काढून चित्राचा. रॉमध्ये घ्या, म्हणजे नंतर बिनधोक जुळवता येतं. साधा पांढरा कागद मात्र नको; त्यातल्या उजळवणाऱ्या रसायनामुळे तो उन्हात निळसर दिसतो. शेजारी माड-पोफळी असतील तर हिरवी झाक येते, ती केल्विनने जात नाही, टिंटच हलवावा लागतो. ढग आला, गेला, की कार्ड पुन्हा धरायचं. (पावसाळ्यात कंटाळा येतो, कबूल.)

संध्याकाळी पेटलेल्या दीपस्तंभाचा फोटो मीही खुशाल पिवळा ठेवतो. कावीच्या बाबतीत ही सूट मी घेत नाही. आणि कार्डवाला फोटो नकोसा म्हणून पुसू नका, मूळ फाइलींबरोबरच ठेवा.