माळ्यावरचे दान

आपल्या वऱ्हाडातल्या घरांत एक वाक्य हरिपाठापेक्षाही नेमाने म्हटले जाते: ‘राहू दे, कामी पडेल.’ मोडका पंखा राहू दे, झाकण हरवलेला डबा राहू दे, आहेरात आलेले पातळ राहू दे. मग माळा भरतो, दिवाण भरतो, पलंगाखालची जागाही भरते. दहा वर्षांनी तेच सामान गंजलेले, कुबट वासाचे, उंदराने कुरतडलेले असे खाली येते आणि आपण म्हणतो, ‘फेकण्यापेक्षा कोणाला तरी देऊन टाकू.’ माउली, या ‘देऊन टाकू’शी आज भांडायचे आहे.

साठवण्याशी भांडण नाही. वारकरी हा संसारी माणूस, त्याला कोठी हवीच. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली ज्वारी, वर्षाची तूर, पाहुण्यांसाठीच्या गोधड्या, हे घराचे बळ आहे. भाव येईपर्यंत घरात कापूस भरून ठेवणारा शेतकरी तर अंगाला खाज सुटली तरी त्या ढिगाशेजारीच झोपतो. पण त्या ढिगाला कारण आहे आणि मुदत आहे. माळ्यावरच्या ढिगाला काय आहे?

कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. अंबिकेच्या दर्शनाला गेलेली राजाची लेक तिथूनच देवाच्या रथात बसली. निघताना सोबत ना रुखवत, ना आंदण. त्याच गावाहून, वर्धेच्या काठावरून, तिची पालखी पंढरीला निघते. १५९४ साली सदाराम महाराजांनी ही वारी सुरू केली, अशी परंपरा सांगते. या वारीत आपण महिनाभराहून अधिक काळ एका पिशवीवर राहतो. दोन जोड कपडे, एक पांघरूण, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, ताट-वाटी-तांब्या, टाळ, हरिपाठ. (अलीकडे एका पिशवीच्या तीन झाल्या आहेत आणि दिंडीचा ट्रक भजनापेक्षा बॅगांनीच जास्त घुमतो, पण ते दुखणे वेगळे.) परत आल्यावर घरचे कपाट उघडा आणि स्वतःलाच विचारा, यातल्या कशाची आठवण वाटेत झाली होती?

आता दानाकडे वळू. दिंडीला जेवू घालणाऱ्या गावांचे ऋण फिटायचे नाही. तिथे ताजी भाकरी मिळते, आदल्या दिवशीची नाही. पण कपड्यालत्त्याची पाळी आली की हात अडखळतो. वारकऱ्याला, मजुराच्या बाईला, आश्रमातल्या पोराला काय जाते? बटण तुटलेला सदरा, आटलेले स्वेटर, चेन गेलेली बॅग. घ्यायची तर घेणारा लाजतो, नाही म्हणायचे तर उद्धट ठरतो. शेवटी तो ते मुकाट्याने घेतो आणि पुढच्या वळणावर ठेवून देतो. आपला कचरा आपणच टाकायचा होता, ते काम आपण त्याच्या डोक्यावर दिले आणि वर पुण्य मागितले.

कोणी म्हणेल, गाडगेबाबा चिंध्याच पांघरत होते. होय. १८७६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने अंगावर चिंध्या आणि हातात खापर घेतले. पण ते स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या. उघड्याला वस्त्र द्यावे ही गोष्ट त्यांच्या दशसूत्रीत आहे, आणि तिथे वस्त्र म्हणजे आपल्याला नकोसे झालेले, असा अर्थ कुठेही निघत नाही. चिंधी आपल्या अंगावर आणि चांगले दुसऱ्याला, हा त्यांचा हिशेब. आपण तो नेमका उलटा मांडला आहे.

तुकोबांचेच बघा. सावकारीच्या खतांपैकी भावाची वाटणी भावाला देऊन त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. त्या कागदांवर लोकांकडे मागणे करता आले असते, म्हणून तर त्या सोडण्याला किंमत आहे. वाळवी लागेपर्यंत थांबून बुडवली असती तर ती साफसफाई झाली असती, त्याग नव्हे.

आणि इंद्रायणीचे नाव घेऊन नदीकाठी तसबिरी सोडू नका. प्रत्येक वारीला आपण एक नवा विठोबा आणतो. जुना विटला की त्याला देव्हाऱ्यातून काढून पिंपळाच्या पारावर टेकवतो, नाहीतर पुलावरून सोडतो. काच फुटते, गुरांच्या खुरात जाते, चकचकीत कागद पाण्यात विरघळत नाही, आणि ज्याच्यापुढे रोज हात जोडले तो चिखलात उताणा पडतो. वर्धेत स्नानाला येताना तसबीर बरोबर आणू नका. काच आणि चौकट वेगळी करून भंगारात घाला. आतला साधा कागद भिजवून तुळशीच्या मातीत मिसळा. पुढच्या वारीला बुक्का आणा, तुळशीची माळ आणा. विठोबा घरी आहे.

बाजारात आता सामान लावून ठेवायचे डबे, खण, पिशव्यांवर पिशव्या मिळतात. घ्यायचे तर घ्या. पण नको असलेल्या वस्तूसाठी नवी वस्तू विकत घ्यायची, यात सुटले काय?

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे, वस्तू जिवंत असताना द्या. दिवाळीच्या झाडझुडीची वाट पाहू नका. ज्येष्ठात, पालखी निघायच्या आधी माळ्यावर चढा. तुमच्याच दिंडीच्या चालकाला विचारा, काय कमी आहे. तो जुने कपडे सांगणार नाही. ताडपत्री सांगेल, कंदील-बॅटरी सांगेल, न गळणारा पाण्याचा पिंप सांगेल, मोठे पातेले सांगेल. ते पातेले तुमच्याकडे आहे. पोरीच्या लग्नानंतर ते खाली उतरलेलेच नाही. त्यावर आजीचे नाव कोरले आहे म्हणून देववत नाही? मग कल्हई करून तेच द्या. महिनाभर त्यात दोनशे माणसांचे पिठले शिजेल आणि रोज रात्री ते घासणारी बाई आजीचे नाव वाचेल.