मत मराठीत मागता ना?

आमच्या राजेश्वरात ग्रामपंचायतीचं वारं सुटलं की एरवी ओळख न दाखवणारी माणसं गल्लीत येऊन झकास मराठी बोलायला लागतात. परवा एक उमेदवार दारात आले. हात जोडून म्हणाले, "आजी, बरी हाय ना तब्येत? मत आपल्यालाच."

आजीने ट्रंकेतून एक पत्र काढून त्यांच्या हातात ठेवलं. मागच्या वर्षी तिची पेन्शन अडली होती. कुठला कागद हवाय ते त्या पत्रात लिहिलेलं होतं, पण कन्नडमध्ये. घरात कन्नड वाचणारा मी एकटा आणि मी कामाला हैदराबादला. सरकारी शिक्का बघून तिने ते चार महिने जपून ठेवलं, आणि तोवर मुदत गेली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. कर्नाटकात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवत नाहीत. म्हणजे झेंड्याआड लपायची सोय नाही, जबाबदारी त्या माणसाची. मग आपण पोरांनी त्याला तीन गोष्टी विचारायच्या.

पहिली, पाणी आणि नाली. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी ठरलेलं आहे. तुमच्या गल्लीत नळाला किती येतं ते बादलीने मोजा आणि तो आकडा उमेदवारासमोर ठेवा. तुंबलेल्या नालीचे डास मराठी-कन्नड बघून चावत नाहीत, म्हणून या कामात शेजारच्या कन्नड घरालाही सोबत घ्या.

दुसरी, वॉर्डसभा. 1993 च्या कर्नाटक पंचायत कायद्यात दोन वॉर्डसभांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, असं आहे. घरकुलाची आणि रोजगार हमीच्या कामांची चर्चा तिथेच व्हायला पाहिजे. निवडून आल्यावर सभा कधी घेणार, दवंडी कुठल्या भाषेत देणार, हे आत्ताच विचारा.

तिसरी, भाषा. घटनेचं कलम 350 अ सांगतं की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक संस्थेने प्रयत्न करावा. स्थानिक संस्था म्हणजे आपली पंचायतसुद्धा! मराठी शाळेच्या वर्गाला मास्तर नसेल तर ठराव करून वर पाठवणं हे सदस्याचं काम आहे. शिवाय 1961 साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलंय की जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. कन्नडचा कागद काढून टाका असं कोण म्हणतंय? त्याच्या शेजारी मराठीचा लावा, एवढंच.

काही जण म्हणतील, सीमाप्रश्न सोडून नालीचं काय घेऊन बसलास? 1956 पासून आपण वाट बघतोय. 2004 चा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो लढा चालूच राहील. पण आजीची पेन्शन त्या निकालापर्यंत थांबू शकत नाही. आणि गल्लीतलं हक्काचं काम ज्यांना मागता येत नाही, त्यांचा मोठा हक्क कोण ऐकणार?

त्या उमेदवारांनी पत्र उलटंपालटं करून परत दिलं. म्हणाले, "बघू." आजी म्हणाली, "मग मताचं बी बघू."

तुमच्या दारात कोणी आलं तर हे तीन प्रश्न विचारा. उत्तर काय मिळालं ते गल्लीत चारचौघांना सांगा, आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पुढची पाच वर्षं कामाला येईल.