नियम कागदावर मागा

परिचारिका भगिनींनो आणि ब्रदर मंडळींनो,

माझी नोकरी वॉर्डात गेली आणि नोकरीचा उत्तरार्ध इंचार्जच्या खुर्चीवर. नियम सोसणारीचं दुखणं मला ठाऊक आहे आणि नियम लावायला जिला पुढे ढकलतात तिचंही. म्हणून थोडं स्पष्ट लिहिते.

तुम्ही सांगता ते नियम मी ऐकते. ड्युटी आठची, पण पंचिंग पावणेआठला. दुपारी दोनला सुटायचं, पण ओव्हर देऊन बाहेर पडेपर्यंत तीन वाजतात आणि तो तास कुणाच्या हिशेबात नसतो. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला. सीएल हवी तर बदली तुम्हीच शोधा. नर्सिंग स्टेशनला खुर्ची नको, कारण बसलेली सिस्टर नातेवाइकांना बरी दिसत नाही. दर दोन तासांनी राउंडचा फोटो ग्रुपवर टाका. बाथरूमला जातानाही सुपरवायझरला सांगून जा. मोबाइल लॉकरमध्ये, मग घरी पोर तापाने फणफणलेलं असो. आणि वर कुणीतरी सीसीटीव्हीसमोर बसून उंटावरून शेळ्या हाकतं: "सिस्टर, बेड नंबर सातजवळ एवढा वेळ काय करताय?" बेड नंबर सातचा म्हातारा घाबरलेला असतो आणि सिस्टरने त्याचा हात धरलेला असतो, हे कॅमेऱ्यात दिसतं, पण त्याला कुठल्याच फॉर्मात रकाना नसतो.

यावर चेंजिंग रूममध्ये रडणं किंवा एक दिवस भडकून राजीनामा फेकणं, हे दोन उपाय सगळ्यांना माहीत आहेत. तिसरा सांगायचा आहे.

आधी नियमांचे दोन ढीग करा. एका ढिगात रुग्णासाठीचे नियम. इंजेक्शन देण्याआधी रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही पडताळणं, पोटॅशियम क्लोराइड किंवा इन्सुलिनसारखं औषध दुसऱ्या सिस्टरला दाखवून देणं, प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात धुणं, सुईला पुन्हा टोपण न लावणं, डॉक्टरांची फोनवरची ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवणं आणि नंतर त्यावर सही घेणं. हे जाचक वाटले, नाईटला पहाटे चार वाजता तर नकोसे झाले, तरी ते पाळायचेच. प्रत्येकामागे कुठेतरी कुणाचा तरी गेलेला जीव आहे. हे नियम मोडून "मॅनेजमेंट त्रास देतं" असं म्हणणारीच्या बाजूने मी उभी राहणार नाही.

दुसऱ्या ढिगात उरलेले. खुर्ची, फोटो, बाथरूमची परवानगी, बदली शोधण्याची सक्ती. यातल्या एकेका नियमाला एकच प्रश्न विचारा: याने रुग्णाचं काय भलं होतं? उत्तर मिळालं तर तो पहिल्या ढिगात टाका. मोबाइलचंच बघा. औषध भरताना फोन हातात नको, हे शंभर टक्के बरोबर. पण वॉर्डाच्या लँडलाइनवर घरचा तातडीचा निरोप घेऊ द्यायचा नाही, यात रुग्णाचं काहीच हित नाही. एकाच नियमाचा अर्धा भाग रास्त असतो आणि अर्धा जाच. तक्रार नेमकी त्या अर्ध्याची करा, म्हणजे "तुम्हाला शिस्तच नको" हे उत्तर द्यायला समोरच्याला जागा राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या ढिगातले बहुतेक नियम कुठेच लिहिलेले नसतात. राउंडला आलेल्या साहेबांनी सांगितलं, मेट्रनने इंचार्जला सांगितलं, इंचार्जने तुम्हाला. तोंडी नियमाला तारीख नसते, सही नसते, बाप नसतो. उद्या त्याच नियमापायी काही बिघडलं तर "असं कुणी सांगितलंच नव्हतं" म्हणायला सगळे मोकळे, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून माझा सल्ला एका ओळीचा आहे: नियम कागदावर मागा.

कागदावर आलेल्या नियमाचं काय होतं, याचा एक जाहीर दाखला आहे. जून 2021 मध्ये दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात परिपत्रक निघालं की परिचारिकांनी कामावर फक्त हिंदी किंवा इंग्रजीत बोलावं, नाहीतर गंभीर कारवाई होईल. रोख मल्याळी परिचारिकांवर होता. रुग्णाशी त्याला कळेल अशा भाषेत बोला, एवढं सांगितलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण दोन सिस्टर आपसात कुठल्या भाषेत बोलतात यावर बंदी घालणारा तो कागद देशभर वाचला गेला आणि एका दिवसात मागे घेतला गेला. तेच तोंडी सांगितलं असतं तर कदाचित आजही चालू असतं. सहीनिशी लिहायची वेळ आली की नियम काढणारालाही तो पुन्हा एकदा वाचावा लागतो. पुष्कळ नियम तिथेच गळतात.

मागायचं कसं? भांडून नाही, आणि एकटीने तर मुळीच नाही. पाच-सहा जणींनी मिळून साध्या भाषेत अर्ज करा: "महोदया, अमुक तारखेला आम्हाला अशी तोंडी सूचना मिळाली आहे. ती पाळताना रुग्णसेवेत पुढील अडचण येते. तरी सूचना लेखी मिळावी, म्हणजे सर्व शिफ्टमध्ये एकसारखी पाळता येईल." यात कुणावर आरोप नाही, नकार नाही. दोन प्रती काढा आणि एकीवर पोहोच घ्या. पोहोच देत नसतील तर ईमेल करा. लेखी उत्तर आलं तर चर्चेला आधार मिळाला. आलं नाही तर तुमच्या अर्जाची तारीख तुमच्याजवळ राहिली.

सोबत एक साधी वही ठेवा, घरी. आजची शिफ्ट, वॉर्डात रुग्ण किती, सिस्टर किती, सुटायला किती वाजले, कुठली तोंडी सूचना कुणी दिली. रोज चार ओळी पुरेत. "स्टाफ कमी आहे हो" ही तक्रार रोज होते आणि रोज हवेत विरते. "या महिन्यात नऊ नाईटला तीस खाटांमागे एकच सिस्टर होती" ही तक्रार विरत नाही. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका आणि रजेसाठी 30 टक्के राखीव मनुष्यबळ, हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. रजेची माणसं संस्थेने ठेवायची असतात. बदली शोधणं सिस्टरचं काम नाही. मात्र पुरावा म्हणून रुग्णाच्या केसपेपरचे फोटो काढू नका, रुग्णाचं नाव त्या वहीत लिहू नका. तिथे तुम्ही स्वतःच चुकीच्या बाजूला जाल.

आता सगळ्यात कठीण मुद्दा. एनएबीएचची तपासणी आली की वॉर्डावॉर्डात कागदी घोडे नाचू लागतात. मागच्या दोन महिन्यांचे चार्ट एका रात्रीत भरून हवे असतात. आपल्याला शिकवलं आहे, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. त्याची दुसरी बाजू तितकीच पक्की धरा: केलं नाही ते लिहायचं नाही. न घेतलेला बीपी, न बदललेली कूस, न केलेली राउंड कुणाच्याही सांगण्यावरून लिहू नका. कोर्टात चार्ट उघडतो तेव्हा त्यावर सांगणाराची सही नसते, तुमची असते.

आकडे गोड दिसावेत म्हणून दबाव आणला की शेवट कुठे होतो हे इंग्लंडच्या स्टॅफर्ड रुग्णालयाने दाखवलं. तातडीच्या विभागातून रुग्ण चार तासांत पुढे गेलाच पाहिजे, असं लक्ष्य होतं. ते गाठल्याचं दिसावं म्हणून वेळा खोट्या नोंदवायला लावतात, हे तिथल्याच एका परिचारिकेने चौकशीत सांगितलं. 2013 च्या फ्रान्सिस अहवालात व्यवस्थापनाचं लक्ष पैशावर आणि आकड्यांवर राहिलं आणि रुग्णांचे हाल झाले, हे तपशिलाने नोंदलं आहे. आपल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही आकडे ठेवलेच की. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरतात, हे तिने 1858 मध्ये आकृत्या काढून लष्कराच्या वरिष्ठांना दाखवलं. आपल्या धंद्यात आकडे खालून वर जाब विचारायला आले होते, हे विसरू नका.

मेमो मिळाला तर घाबरून त्याच दिवशी उत्तर खरडू नका. "प्रत मिळाली" एवढंच लिहून तारखेसह सही करा, "मान्य" लिहू नका. उत्तराला वेळ मागा. उत्तरात फक्त घडलेलं लिहा. कोण कसं आहे, कोण कुणाची लाडकी आहे, यातलं एक अक्षरही नको. दुसऱ्याने सांगितलेला माफीनामा आणि कोरा कागद, दोन्हींवर सही नाही म्हणजे नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत असाल तर शिस्त व अपील नियम 1979 आहेत. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा लादता येत नाही. परिपत्रक दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

काही गोष्टी मात्र नियमाच्या नावाखाली चालवूनच घेऊ नयेत. गणवेश तपासण्याच्या निमित्ताने कुणी अंगचटीला येत असेल तर ती शिस्त नव्हे, लैंगिक छळ आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. नातेवाइकाने हात उगारला तर "प्रकरण वाढवू नका, माफी मागा" असं सांगतात. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी वेगळा कायदा आहे, त्याचं संरक्षण डॉक्टरांइतकंच परिचारिकेलाही आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. नोकरीला लागताना मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत असतील तर देऊ नका, पडताळणीला दाखवा आणि साक्षांकित प्रत द्या. 2011 च्या सुमारास मुंबई, दिल्ली आणि केरळमधल्या परिचारिका रस्त्यावर आल्या त्या याच प्रश्नांवर: बॉंड, अडकवलेली प्रमाणपत्रं आणि तुटपुंजा पगार.

पगाराचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस अशी: 200 हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार, 100 हून अधिक खाटा असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्के कमी, आणि 50 हून कमी खाटा असल्या तरी 20,000 रुपयांच्या खाली नको. रजा आणि कामाचे तास सरकारी परिचारिकेप्रमाणे. अंमल राज्यांवर सोपवला गेला आणि तिथे गाडं अडलं. पण बोलणी करायला बसाल तेव्हा हे आकडे तोंडपाठ असू द्या.

अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या मुली विचारतील, "मॅडम, आम्ही बोललो तर रिन्यूअल होईल का?" ही भीती खोटी नाही, आणि तुम्ही पुढे व्हा असं मी म्हणणार नाही. कायम नोकरीतल्या सीनियर सिस्टरनी पुढे व्हायचं. ज्यांची नोकरी सुरक्षित आहे त्यांनीच गप्प बसायचं आणि नव्या पोरींनी धाडस करायचं, हा न्याय उलटा आहे. एकाही सीनियरची सही नसलेला अर्ज पुढे पाठवू नका.

इंचार्ज आणि मेट्रन भगिनींनो, तुम्हालाही दोन शब्द. वरून येणारं सगळं तसंच्या तसं खाली ढकलणं म्हणजे प्रशासन नव्हे. तुमच्याकडे तोंडी फर्मान आलं तर आधी तुम्हीच ते लेखी मागा. वॉर्डात चारचौघांत, रुग्णांदेखत झापू नका. चूक दाखवायची तर दार लावून दाखवा. ज्या वॉर्डात सिस्टरला ओरड्याची भीती वाटते तिथे चुकलेला डोस लपवला जातो, आणि लपवलेला डोस रुग्णाला भोवतो. दर पाच मिनिटांनी फोन करून वॉर्ड सुधारत नाही. दिवसातून एकदा स्वतः येऊन "आज काय अडलंय?" विचारलं तर सुधारतो.

आणि एवढं सगळं करूनही काही ठिकाणं सुधारत नाहीत, हेही खरं. अर्ज केले, भेटलात, संघटनेला सांगितलं, आणि तरी रोज खोटं लिहायला लावतात, तर दुसरी नोकरी हातात घेऊन, नियमाप्रमाणे नोटीस देऊन, अनुभवाचा दाखला घेऊन बाहेर पडा. त्यात कमीपणा नाही. शिकलेल्या परिचारिकेची गरज सगळीकडे आहे.

तोपर्यंत या आठवड्यात इतकंच करा. वही आजच सुरू करा. तुमच्या वॉर्डातला सगळ्यात निरर्थक तोंडी नियम कोणता, हे चौघींनी बसून ठरवा. तो लेखी मिळावा म्हणून अर्ज करा, पहिली सही सगळ्यात सीनियर सिस्टरची घ्या, आणि पोहोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.