कागलचा गुणा : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

कादंबरीवरून चित्रपट निघाला की मराठीत एक ठराविक वाद सुरू होतो. मूळ कृतीला न्याय मिळाला की नाही, हा तो वाद. ‘श्यामची आई’ (१९५३) पासून ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘बनगरवाडी’ (१९९५) पर्यंत तो कमीअधिक आवेशाने झालेला आहे. त्यातून निष्पन्न मात्र फारसे होत नाही. कारण कादंबरी आवडणे आणि चित्रपट आवडणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि एकीचे माप दुसरीला लावून केलेली टीका बहुधा त्या दोहोंपैकी एकीकडे पुरेसे लक्ष न दिल्याची खूण असते. डॉ. आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी आणि रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला, १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेला त्याच नावाचा चित्रपट यांच्याविषयीही हेच घडले. ज्यांनी कादंबरी वाचली होती त्यांना चित्रपट चकचकीत वाटला. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला त्यांना कादंबरी फारच उदास वाटली. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक आहेत, पण अपुऱ्या आहेत.

चित्रपटात गुणाला ‘कागलकर’ हे आडनाव आहे आणि ते केवळ सोयीचे नाही. कागल हे यादवांचे जन्मगाव. १९३५ साली ते तेथे जन्मले. पुणे-बंगळूर रस्त्यावरचे, दूधगंगेच्या खोऱ्यातले, कन्नड मुलखाला खेटलेले हे गाव एके काळी घाटग्यांच्या जहागिरीचे ठिकाण होते. राजर्षी शाहू महाराज दत्तक जाण्यापूर्वी याच घराण्यातले. संस्थानी राजाश्रयामुळे ह्या भागात तालमी आणि तमाशाचे फड हे दोन्ही जोमाने वाढले. लाल माती आणि ढोलकी ह्यांचे इतके निकट सान्निध्य अन्यत्र क्वचित आढळेल. अंगाने पैलवान आणि मनाने तमासगीर असलेला गुणा हा म्हणूनच काल्पनिक विसंगतीचा नमुना नाही, तो त्या मातीतला संभाव्य माणूस आहे. त्याला राजाचे काम करायचे असते. फड उभा करायचा तर नाच्या हवा, आणि त्या कामाला दुसरा कोणी तयार होत नाही, म्हणून राजा व्हायला निघालेला माणूस नाच्या होतो. शोकांतिकेचे बीज ह्या एका तडजोडीत आहे.

ह्या तडजोडीचे वजन समजण्यासाठी तमाशाचा इतिहास थोडा आठवावा लागतो. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग अशा क्रमाने रंगणाऱ्या ह्या खेळात स्त्री-वेषातला ‘पोऱ्या’ हा जुना आहे. पवळाबाईंसारख्या स्त्रिया फडावर उभ्या राहण्याआधी नाचण्याचे काम पुरुषच करीत. स्त्रिया आल्यावर नाच्या फडातून गेला नाही, मात्र त्याचे स्थान बदलले. जो आधी नर्तक होता तो हसण्याचा विषय झाला. महाभारतातील अर्जुनही बृहन्नडा झाला होता. पण त्याच्या अज्ञातवासाला वर्षाची मुदत होती आणि मुदत संपल्यावर गांडीव हाती येणार हे त्याला ठाऊक होते. गुणाच्या बृहन्नडेला मुदत नाही. मंचावर घेतलेला वेष लोक त्याच्या घरापर्यंत, बायकोपर्यंत, बापापर्यंत घेऊन जातात. प्रेक्षक ज्या हावभावाला टाळी देतो त्याच हावभावासाठी दुसऱ्या दिवशी नटाला हिणवतो. हा दुटप्पीपणा यादवांना अचूक दिसला होता.

मराठी पडद्याला ह्याचे प्रत्यक्ष उदाहरणही लाभले होते. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी तमाशापटांतून नाच्याची भूमिका इतक्या ताकदीने वठवली की पुढे प्रेक्षकांनी त्यांना दुसऱ्या रूपात पाहण्याचे जवळजवळ नाकारले. ते संसारी गृहस्थ होते, कसलेले नट होते. पण लोकांच्या लेखी भूमिका आणि माणूस यांतले अंतर पुसले गेले. २००८ साली ते वारले. ‘नटरंग’ पाहताना जुन्या प्रेक्षकांना त्यांची आठवण होणे स्वाभाविक होते.

चित्रपटाचे खरे यश ह्याच ठिकाणी आहे. कादंबरीत शरीराचे परिवर्तन वाचकाला शब्दांतून कल्पावे लागते. अतुल कुलकर्णी यांनी ते आपल्या देहावर घडवून दाखवले. आरंभीचा भरदार, मान ताठ ठेवून चालणारा गडी आणि नंतरचा, खांदे सैल सोडून कमरेतून वळणारा नाच्या ही दोन शरीरे एकाच माणसाची आहेत हे डोळ्यांनी पाहणे हा जो अनुभव आहे तो गद्य देऊ शकत नाही. मिशी उतरल्यावरचा चेहरा क्षणभर परका वाटतो, आणि त्या परकेपणात पुढची सारी कथा सामावलेली असते. किशोर कदम यांचा पांडोबाही लक्षात राहतो. अजय-अतुल यांच्या संगीताबद्दल मात्र मत संमिश्र ठेवावे लागते. गाणी उत्तम आहेत. इतकी उत्तम की त्यांनी चित्रपटाची स्मृतीच ताब्यात घेतली. आज लग्नाच्या वरातीत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत ह्या चित्रपटातल्या लावण्या वाजतात आणि गुणा कोणाला आठवत नाही. ज्या कलावंताच्या अवहेलनेची ही कथा, तोच तिच्या लोकप्रियतेतून निसटावा, ह्यात एक कडवट गंमत आहे.

‘पिंजरा’ (१९७२) शी तुलना केली तर ‘नटरंग’चे महत्त्व अधिक स्पष्ट होते. व्ही. शांताराम यांच्या त्या गाजलेल्या चित्रपटाचे मूळ जर्मन ‘ब्लू एंजल’ (१९३०) मध्ये, आणि त्याचेही मूळ हाइनरिख मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीत आहे. तेथे आदर्श शिक्षक तमाशाच्या नादाने घसरतो. तमाशा हा खड्डा आणि मास्तर त्यात पडणारा. ‘नटरंग’ने हे समीकरण उलटे केले. येथे तमाशा ही साधना आहे आणि खड्डा गावाने खणलेला आहे. मराठी तमाशापटांच्या परंपरेत ही दृष्टी दुर्मीळ होती, आणि तिचे श्रेय निःसंशय कादंबरीकाराकडे जाते.

आक्षेप आहे तो शेवटाला. चित्रपट गुणाला अखेर सन्मानाच्या व्यासपीठावर नेतो. वृद्ध कलावंताचा गौरव होतो, टाळ्या वाजतात. कादंबरी त्याला असा मंच देत नाही. व्यावसायिक चित्रपटाला प्रेक्षकाला मोकळ्या मनाने घरी पाठवावे लागते हे मान्य केले, तरी ह्या बदलाने नेमके काय होते ते पाहिले पाहिजे. पुरस्काराचा प्रसंग गुणाला न्याय देतो असे वाटते. प्रत्यक्षात तो प्रेक्षकाला सोडवतो. ज्या समाजाने त्याची विटंबना केली त्यानेच शेवटी शाल-श्रीफळ दिले, हिशेब मिटला. यादवांनी हा हिशेब मुद्दाम उघडा ठेवला होता. अवहेलना सोसलेला प्रत्येक नाच्या काही शेवटी सत्कारमूर्ती होत नाही. ज्यांच्या वाट्याला व्यासपीठ आलेच नाही अशांची ती कादंबरी आहे. ५७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘नटरंग’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला हे उचितच झाले; पण त्या शेवटाविषयीची अस्वस्थता त्याने कमी होत नाही.

दुसरी हानी भाषेची आहे, आणि तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. ‘गोतावळा’ (१९७१) मध्ये यादवांनी नारबाचे सारे निवेदनच बोलीत केले. मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द तेथे ग्रामीण रंग भरण्यासाठी येत नाहीत. नारबा ज्या जगात विचार करतो त्याचे ते अवयव आहेत. ट्रॅक्टर आला की बैल जातात आणि बैलांबरोबर हे शब्दही जातात, असा त्या कादंबरीचा आशय भाषेच्याच पातळीवर सिद्ध होतो. ‘नटरंग’ चित्रपटातही विहिरीवर यंत्र बसते आणि गुणाचा रोजगार सुटतो. पण तेथे ती केवळ कथानकाला गती देणारी घटना उरते. संवादांतली बोली कानाला गोड लागते, सर्व महाराष्ट्राला कळते, आणि म्हणूनच ती कागलची राहत नाही. सर्वांना कळणारी ‘गावाकडची भाषा’ ही चित्रपट आणि नाटकांनी घडवलेली एक नवीच बोली आहे. ती कोणत्याही एका गावात बोलली जात नाही.

‘झोंबी’ (१९८७) वर चित्रपट काढणे त्याहून अवघड आहे. १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ह्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत नाट्य आहे, पण ते प्रसंगांपेक्षा शाळेसाठी तळमळणाऱ्या पोराच्या मनातल्या भाषेत आहे. तिचे हिंदी भाषांतर ‘जूझ’ ह्या नावाने झाले आणि त्यातला काही भाग राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात आला. उसाला पाणी पाजताना कविता म्हणणारा, म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहिणारा कागलचा आनंदा त्यामुळे बिहार-राजस्थानातल्या मुलांपर्यंत पोचला. कवितेचा नाद लावणारे सौंदलगेकर मास्तर हिंदीतही तितकेच जिवंत वाटतात. बापाचा तोंडाळपणा मात्र तेथे बराच सौम्य झाला आहे, कारण कागलच्या शिव्यांना प्रमाण हिंदीत जागा नव्हती.