ओल भिंतीला, दोष भाडेकरूला

अवाब इशाक दोन वर्षांचा होता. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधल्या एका बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. डिसेंबर २०२०मध्ये तो गेला. घरातल्या बुरशीने त्याचे श्वास घेण्याचे मार्ग निकामी केले, असा निष्कर्ष कॉरोनरने नोव्हेंबर २०२२मध्ये दिला. त्याच्या वडिलांनी बुरशीची पहिली तक्रार २०१७मध्येच केली होती. उत्तर मिळालं: वरून रंग मारा.

हे घर एकेकाळी तिथल्या कौन्सिलचं होतं, नंतर ते एका गृहसंस्थेकडे गेलं. संस्थेची समजूत अशी की ओल या कुटुंबाच्या राहणीमुळे, आंघोळीच्या पद्धतीमुळे येते. बादली-तांब्याने आंघोळ करून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना यातली मेख कळायला वेळ लागू नये. आपण राहणीबद्दल गृहीत धरलं ते चुकलं, असं संस्थेने नंतर कबूल केलं. नंतर म्हणजे पोर गेल्यावर.

अजून एक गोष्ट. वैतागून वडील २०२०मध्ये वकिलाकडे गेले. तर संस्थेचा नियम असा की कायदेशीर दावा आला की वकिलांचं एकमत होईपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. म्हणजे गप्प बसलात तर कुणी येत नाही, आणि भांडलात तर येणारेही थांबतात.

‘तक्रार निवारण’ हा शब्दच मला फसवा वाटतो. निवारण तक्रारीचं होतं, ओल तिथंच राहते. इंग्लंडमध्ये आज दोन पायऱ्या आहेत. पोच दिल्यापासून पहिलीला कामाचे १० दिवस, दुसरीला २०, आणि मग हाउसिंग ओम्बड्समन. २०२२पर्यंत तर त्या दारात जायला खासदार किंवा नगरसेवकाची चिठ्ठी लागायची, नाहीतर आठ आठवडे थांबायचं. खाजगी घरमालकाने घर सडवलं तर कौन्सिलचे आरोग्य अधिकारी त्याच्यावर नोटीस काढू शकतात. घर कौन्सिलचंच असेल तर? स्वतःवर कारवाई करता येत नाही. चोराने स्वतःच्या घरी पंचनामा करावा तसं. मग भाडेकरूने पर्यावरण संरक्षण कायदा १९९०चं कलम ८२ शोधून मॅजिस्ट्रेटकडे जायचं. रोज कामावर जाणाऱ्या बाईला हे कलम कोण सांगणार?

२७ ऑक्टोबर २०२५पासून अवाबच्या नावाचा कायदा लागू झाला. तातडीचा धोका २४ तासांत दूर करायचा. गंभीर ओल-बुरशीची तपासणी कामाच्या १० दिवसांत, तिचा लेखी अहवाल पुढच्या ३ दिवसांत आणि घर सुरक्षित करणं तपासणीनंतर ५ दिवसांत. जमत नसेल तर राहण्याची दुसरी सोय करायची. कायदा चांगलाच आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण या मुदती भाडेकराराचा भाग मानल्या जातात. त्या मोडल्या तर कोर्टात खेचायचं काम पुन्हा भाडेकरूचंच. आणि दुरुस्तीच्या दाव्यांसाठीची सरकारी कायदेशीर मदत २०१३मध्येच छाटली गेली. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला गंभीर धोका असेल तरच ती मिळते, नुकसानभरपाईसाठी नाही.

कौन्सिलं म्हणतात, पैसे नाहीत. खोटं नाही ते. १९८०च्या कायद्याने भाडेकरूंना घरं सवलतीत विकली गेली, २०१६पासून चार वर्षं सरकारने भाडी दरसाल एक टक्का कमी करायला लावली. पण ‘राहणी सुधारा’ म्हणण्याऐवजी ‘भिंत आमची, चूक आमची’ म्हणायला पैसे लागत नाहीत. ओम्बड्समनने २०२१मध्ये अहवाल काढला, त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की प्रश्न राहणीचा नाही. तेव्हा अवाबला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

माझी मागणी एकच, आणि साधी. तक्रार ‘बंद’ म्हणून नोंदवायचा हक्क कार्यालयाकडून काढून घ्या. भिंत कोरडी झाल्याचं त्या घरात झोपणारा माणूस सांगेल, सही तो करेल. तोवर फाइल उघडीच राहू द्या, आणि दर महिन्याच्या आकड्यांत ती दिसू द्या.