घराला मातीचा रंग द्या, पण ऊन बघून

खान्देशात सणावाराआधी, विशेषतः आखाजी-कानबाईच्या आधी, घर सारवायची, रंगवायची रीत जुनी आहे. पूर्वी गेरू, पांढरी माती आणि चुना एवढ्यावर काम भागे. आता दुकानात रंगांचे पुस्तक चाळले जाते आणि बऱ्याच जणांचे बोट गर्द तपकिरी, चॉकलेटी रंगावर पडते. दिसायला मातीसारखा, शिवाय डाग नि धूळ लपते. रंगाला नावे ठेवायचे कारण नाही. पण शेतकरी बंधूंनो, तो कुठल्या भिंतीला द्यायचा, हे आधी ठरवा.

जुने धाब्याचे घर आठवा. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत, वर लाकडावर अंथरलेला मातीचा थर. दुपारची धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई. तिथे गेरू खपून गेला. आजची भिंत विटांची, सहा-नऊ इंचांची आणि वर स्लॅब. हे घर लवकर तापते आणि रात्री उशिरापर्यंत आत धग सोडत राहते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढेही जातो. ताजी चुन्याची सफेदी उन्हाचे शंभरातले सत्तरेक भाग परत फेकते. गर्द तपकिरी रंग वीसही फेकत नाही, उरलेले सगळे पिऊन टाकतो. त्याचा त्रास कुणाला? दुपारभर घरात पडून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि झोळीतल्या लेकराला.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणजे सर्वांत जास्त मार स्लॅबला, मग तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या भिंतीला. या दोन जागा पांढऱ्याच ठेवा. चुनकळी विझवून रात्रभर भिजू द्या, फडक्याने गाळा, थोडा डिंक घाला आणि कुंच्याने दोन-तीन हात मारा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी होळीनंतर पुन्हा द्यावा. खर्च फार नाही.

तपकिरी रंग आत, ओटीवरच्या एखाद्या भिंतीला किंवा खाली दोन हात पट्ट्याला शोभतो. घरकुल योजनेतले घर २५ चौरस मीटरचे, खिडक्या मोजक्या. त्याच्या चारही भिंती गर्द केल्या तर भरदुपारी दिवा लावावा लागेल.

ज्यांचे घर अजून मातीचे आहे, त्यांनी तेलरंगाच्या नादी लागू नये. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि पुढे ती सोडते. तेलरंगाने ओल आत कोंडते, रंग फुगतो आणि पोपड्याबरोबर गिलावाही सुटतो. तिला गेरू, चुना आणि सारवणच मानवते.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही एक सांगणे आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच आणले. आपण निदान शाळा आणि अंगणवाडीच्या स्लॅबपासून सुरुवात करू शकतो. गावाच्या कमानीला रंग द्यायला पैसे निघतात, मग लेकरांच्या डोक्यावरच्या स्लॅबला चुना मारायला का निघू नयेत? येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर मांडा.