उंदीर चालला, पण आपला माणूस?

गेल्या महिन्यात शाळा सुटताना एका माजी विद्यार्थ्याच्या आई मला भेटायला आल्या. सहा वर्षांपूर्वी उत्तरायणाच्या दिवशी पतंगाच्या नादात त्यांचा मुलगा गच्चीवरून पडला. मज्जारज्जूला इजा झाली आणि पाय कायमचे लुळे पडले. बाईंनी पर्समधून एक जपून ठेवलेले कात्रण काढले. एका इंजेक्शनने लुळे उंदीर चालू लागले, अशी ती बातमी होती. "सर, हे खरं आहे का? एका ठिकाणी असंच इंजेक्शन देतो म्हणतात. चार लाख सांगितलेत."

बातमी खरी होती. तरीही मला 'हो' म्हणता आले नाही. असे का, हे पालकांपुढे आणि विश्वस्तांपुढे मांडावे असे वाटले, म्हणून हा लेख.

जखम भरताना आपले शरीर 'ग्रोथ फॅक्टर' नावाची प्रथिने वापरते. पेशींना वाढा, विभागा, असा निरोप ती देतात. त्यांच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना 1986 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण ही प्रथिने मोठी असतात, महाग पडतात आणि शरीरात लवकर नष्ट होतात. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती केली. सबंध किल्ली न बनवता फक्त तिचे दाते बनवायचे! रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या एका प्रथिनात 165 अमिनो आम्ले असतात. त्याचे काम करू शकणारी फक्त 15 अमिनो आम्लांची साखळी 2005 साली इटलीतील संशोधकांनी तयार केली. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात.

दुसरी युक्ती आपोआप जुळण्याची. साबणाच्या रेणूप्रमाणे या पेप्टाइडचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे पाणी टाळते. त्यामुळे शरीरातील क्षारांचा स्पर्श होताच असंख्य रेणू स्वतःच रांगेत बसतात, त्यांचे अतिसूक्ष्म धागे बनतात आणि द्रवाची जेली होते. या धाग्यांच्या मांडवावर पेशी वाढतात आणि निरोपही तेथेच मिळतो.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युअल स्टुप यांच्या गटाने 2021 साली हाच प्रयोग उंदरांच्या मज्जारज्जूवर केला. धाग्यांवर दोन निरोप होते. एक मज्जातंतू वाढवणारा, तर दुसरा एफजीएफ-2 या ग्रोथ फॅक्टरची नक्कल करणारा. सुमारे चार आठवड्यांत उंदीर चालू लागले. मात्र इंजेक्शन दिले होते ते इजा झाल्यानंतर एका दिवसाने. सहा वर्षांच्या जुन्या इजेवर ते चालेल, असे या प्रयोगाने दाखवलेले नाही. कात्रणात नेमके हेच वाक्य नव्हते.

म्हणून मी बाईंना तीन प्रश्न लिहून दिले. प्रयोग कोणावर झाला? इजेनंतर किती वेळाने झाला? आणि उपचार अजून चाचणीत असेल, तर पैसे कशाचे? खऱ्या चाचणीत नव्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आपल्या देशातील चाचण्यांची सरकारी नोंदवही 2007 पासून इंटरनेटवर सर्वांना खुली आहे, तेथे शोधता येते.

कोणी म्हणेल, दुःखी आईची आशा का मोडता? मला वाटते, आशा मोडते ती चार लाख गेल्यावर. शास्त्राला वेळ लागतो, हे सांगणे म्हणजे आशा मोडणे नव्हे. आपोआप जुळणाऱ्या अशाच पेप्टाइडचा शोध शुगुआंग झांग यांनी 1993 साली प्रसिद्ध केला. त्याच कुळातील एक जेल शस्त्रक्रियेतील रक्तस्राव थांबवण्यासाठी रुग्णांपर्यंत पोहोचायला वीस वर्षे लागली. पण पोहोचले!

विश्वस्तांना एक विनंती. आठवीपासून महिन्याला एक तास विज्ञानाची बातमी वाचण्यासाठी द्यावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, खर्चही नाही. फळ्यावर बातमी लिहायची आणि तिच्याखाली हे तीन प्रश्न. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत यांना गुण नाहीत, पण घरी कोणी असे कात्रण घेऊन बसेल त्या दिवशी ते उपयोगी पडतील.

बाईंनी पैसे भरले नाहीत. कात्रण मात्र पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवले, आणि ते ठेवावेच. पालकहो, उत्तरायण दरवर्षी येते. कठडा नसलेल्या गच्चीवर मुलांना पाठवू नका. ते इंजेक्शन अजून कोणत्याही दुकानात मिळत नाही.